आधी डोळा, मग कोंबडा

आज एका शेतकरी चित्रकाराची गोष्ट. इव्हान जेनेरालिच. जन्म १९१४, गाव ह्लेबिने, क्रोएशिया.

चित्रकलेच्या शाळेत तो कधी गेलाच नाही. १९३० मध्ये क्रस्तो हेगेदुशिच या शिकलेल्या चित्रकाराने त्याची चित्रं बघितली, त्याला हुरूप दिला आणि पुढच्याच वर्षी ती झाग्रेबच्या प्रदर्शनात लागली. १९५३ ला थेट पॅरिस!

त्याची खासियत म्हणजे काचेवरची चित्रं. काचेच्या मागून रंगवायचं, पुढून बघायचं. त्यामुळे सगळा क्रम उलटा होतो. कागदावर आपण आधी आकाश रंगवतो आणि बारकावे शेवटी. इथे आधी कोंबड्याचा डोळा, मग कोंबडा, मग अंगण आणि आकाश सगळ्यात शेवटी. नंतर डोळा बदलावासा वाटला तर वरचे सगळे थर खरवडा!

मी कोड लिहितो, दिवसातून शंभरदा 'अनडू' दाबतो. या माणसाला ती सोयच नव्हती. अख्खं चित्र आधी डोक्यात तयार हवं.

तरी अशा कलेला जगाने नाव दिलं 'नाईव्ह', म्हणजे भाबडी. मला ते खटकतं. त्याच्याच भागातला शेतकरी चित्रकार मिर्को विरिउस १९४३ मध्ये छळछावणीत मेला. जेनेरालिचने १९५९ मध्ये त्या मित्राचा मृत्यू काचेवर रंगवला, सोबत एक लाल कोंबडा. ते चित्र शोधून बघा आणि मग सांगा, यात भाबडं काय आहे?

भेटूया पुढच्या भागात!