आगीतून निघालेलं पितळ

झाशीजवळच्या बिजौलीत कारखाने आहेत, धातू आणि आग इथे कुणाला नवी नाही. आज बोलायचं आहे ते बँडच्या खोलीला आग लागल्यावर राखेत सापडणाऱ्या पितळी ट्रम्पेटविषयी.

झाशीकरांना जळण्याचा अर्थ सांगायला नको. एप्रिल १८५८मध्ये इंग्रज फौजेच्या हल्ल्यात शहर पेटलं, राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाची नासधूस झाली. विष्णुभट गोडसे वरसईकरांनी ‘माझा प्रवास’मध्ये त्याबद्दल कळवळून लिहिलं आहे. पोथ्या गेल्या त्या गेल्याच. पितळ मात्र बहुतेक वेळा परत येतं, आणि तरी आपण ते किलोच्या भावाने विकून टाकतो, याचं मला दुःख होतं.

वाद्याचं पितळ म्हणजे साधारण सत्तर भाग तांबं, तीस भाग जस्त. ते वितळतं नऊशे अंशांच्या पुढे. पण कथील-शिशाचा डाख दोनशेच्या आतच वितळतो. म्हणून आगीनंतर वाद्य सांध्यांतून सुटलेलं दिसतं आणि ‘वितळलं’ असा समज होतो. वितळलेला असतो तो डाख. नळ्या शाबूत असतात.

खरं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. चार-पाचशे अंशांच्या पुढे तापलेलं पितळ मऊ पडतं. ठोकून, ओढून कारागिराने पत्र्यात आणलेला कडकपणा निघून जातो. जेमतेम अर्ध्या मिलिमीटर जाडीचा ट्रम्पेटचा कर्णा मग बोटाने दाबला तरी चेपतो. पिस्टनच्या स्प्रिंगांचा ताण जातो. बूच, नमदा जळून जातात. वायरींचं प्लास्टिक जळालं असेल तर काजळीत आम्ल असतं आणि ते आग विझल्यावरही पितळ खात राहतं.

म्हणून पहिलं काम धुण्याचं. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, मग पूर्ण कोरडं करणं. अडकलेला पिस्टन जोराने दाबायचा नाही. तेल सोडून वाट पाहायची. चकाकीच्या हौसेने बफिंग तर मुळीच नको, आधीच पातळ असलेला पत्रा त्यात आणखी झिजतो.

नंतरचं काम पुण्याच्या तांबट आळीत पिढ्यान् पिढ्या चालत आलं आहे : मठारणं. आधारावर पत्रा धरून हलक्या हाताने शेजारी शेजारी ठोके देत गेलं की पोचे निघतात आणि हरवलेला कडकपणाही परततो. मला या विद्येचं फार मोल वाटतं. पितळेला पुन्हा कडक करायला भट्टी उपयोगाची नाही, हातच लागतो. वाद्याच्या नळीला आतून लोखंडी दांडा किंवा गोळा लागतो, एवढाच फरक. मग नवा डाख, नव्या स्प्रिंगा, नवा नमदा.

आवाज परत येतो का? सूर मुख्यतः नळीतल्या हवेच्या स्तंभातून घडतो. आकार नीट बसला आणि कुठून हवा गळत नसेल, तर वाद्य सुरात बोलतं. पिस्टनचं घरच वाकलं असेल तर मात्र खर्च परवडत नाही, आणि पत्र्यावर खोल तांबूस डाग पडून तो ठिसूळ झाला असेल तर ते वाद्य आठवण म्हणून जपावं. तिथे हट्ट करू नये.

उत्तर भारतातल्या बँडची वाद्यं मेरठच्या जली कोठीत बनतात; १८८५पासूनची नादिर अली कंपनी तिथलीच. तिथे दुरुस्तीचे हातही आहेत. तेव्हा तुमच्या ओळखीच्या बँडवाल्याकडे असा प्रसंग आला, तर कबाड्याला बोलावण्याआधी वाद्य धुऊन, सुटलेला प्रत्येक तुकडा पिशवीत घालून एखाद्या जाणत्या कारागिराला दाखवा.