साइटची निवड आणि नेमाची शिस्त

(राष्ट्रीय क्रीडा दिनानिमित्त पालक व युवक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाची संहिता)



११ ऑगस्ट २००८. बीजिंग ऑलिंपिकमधील पुरुषांच्या १० मीटर एअर रायफल स्पर्धेची अंतिम फेरी सुरू होण्यास काही मिनिटे उरली होती. प्राथमिक फेरीत ५९६ गुण मिळवून चौथ्या स्थानावर असलेले अभिनव बिंद्रा सरावाचे छर्रे झाडण्यासाठी उभे राहिले. पहिला छर्रा सुटला आणि तो दहाच्या बिंदूपासून कितीतरी दूर, चाराच्या आसपास जाऊन पडला. रायफल तीच, हात तेच, डोळाही तोच. परंतु साइट जागची हलली होती. ती कशाने हलली याची चर्चा पुढे पुष्कळ झाली. त्या क्षणी मात्र चर्चेला अवसर नव्हता. हाती असलेल्या मोजक्या मिनिटांत बिंद्रा यांनी साइटचे स्क्रू फिरवून ती पुन्हा जुळवून घेतली. त्यानंतर दहा छर्‍यांत त्यांनी १०४.५ गुण मिळवले. शेवटचा छर्रा १०.८ चा होता. एकूण ७००.५ गुणांसह भारताला ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक सुवर्णपदक लाभले.

रौप्यपदक विजेत्याचे गुण होते ६९९.७. अंतर अवघे ०.८ गुणांचे. एअर रायफलच्या लक्ष्यपत्रावर ०.१ गुण म्हणजे पाव मिलिमीटर. म्हणजे ७० छर्‍यांच्या अखेरीस सुवर्ण आणि रौप्य यांतील अंतर सुमारे दोन मिलिमीटर भरले. साइटकडे केवळ रायफलचा एक सुटा भाग म्हणून पाहणार्‍यांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा.

१ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. त्याच कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात जगज्जेतेपद पटकावले होते. अशा यशानंतर घरोघरी मुले नेमबाजीचा हट्ट धरतात आणि पालकही कौतुकाने खिसा मोकळा करतात. मग पहिला प्रश्न येतो तो हा, की सर्वांत चांगली साइट कोणती? याचे प्रामाणिक उत्तर असे, की किमतीवरून तिचा निर्णय होत नाही. ज्या डोळ्यासमोर आणि ज्या अंगाशी ती नीट बसते, ती साइट त्या नेमबाजासाठी चांगली. मध्यमवर्गीय कुटुंबाने काटकसरीने बाजूला टाकलेले पैसे चुकीच्या वस्तूवर जाऊ नयेत, म्हणून हा विषय मुळापासून समजून घेणे इष्ट.

सर्वसामान्य समज असा, की दुर्बीण बसवली की नेम सुधारतो. परंतु ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धांत दुर्बिणीची साइट चालतच नाही. पिस्तुलालाही उघडी साइटच लागते. दुर्बीण, आरसा किंवा लेझर यांपैकी काहीही चालत नाही. दुर्बिणीची साइट असणारा रनिंग टार्गेट हा प्रकार अथेन्स २००४ नंतर ऑलिंपिकमधून वगळला गेला. त्यामुळे ज्याला या मार्गाने जावयाचे आहे, त्याच्या रायफलवर दुर्बीण बसवणे म्हणजे परीक्षेत न येणारा धडा पाठ करण्यासारखे आहे. शिवाय दुर्बिणीने लक्ष्य मोठे दिसते, तसा हाताचा कंपही मोठा दिसतो. नवशिका तो पाहून घाबरतो आणि ट्रिगर झटक्याने ओढतो.

स्पर्धेच्या रायफलवर मागे बारीक छिद्राची रिअर साइट आणि पुढे नळीत बसवलेली कडी, अशी जोडी असते. मागच्या छिद्रातून पुढची कडी पाहावयाची आणि त्या कडीच्या मधोमध लक्ष्याचे काळे वर्तुळ आणावयाचे. डोळ्याला वर्तुळात वर्तुळ बसवण्याची उपजत आवड असते. तिचाच येथे उपयोग केलेला आहे. बारीक छिद्रामुळे जवळची कडी आणि दूरचे लक्ष्य दोन्ही बरीचशी स्पष्ट दिसतात. मात्र छिद्र फार लहान केले तर अंधारते आणि फार मोठे केले तर स्पष्टता जाते. रेंजवरच्या उजेडाप्रमाणे ते जुळवून घ्यावे. पुढची कडीही अतिलहान निवडू नये. काळ्या वर्तुळाभोवती पांढर्‍या प्रकाशाचे ठळक वलय दिसले पाहिजे. वलय बारीक असले की नेमबाज परिपूर्णतेच्या मागे लागतो, वेळ दवडतो आणि डोळा थकवतो.

पिस्तुलाचे शास्त्र थोडे वेगळे आहे. तेथे मागे खाच आणि पुढे उभी पट्टी असते. पट्टीच्या दोन्ही बाजूंना सारखा उजेड आणि वरच्या कडा एका रेषेत, हे पाहावयाचे. द्रोणाचार्यांच्या परीक्षेत अर्जुनाला केवळ पक्ष्याचा डोळा दिसला, ही कथा आपण सर्व जाणतो. परंतु पिस्तूल नेमबाजाची नजर पुढच्या पट्टीवर स्थिर असते आणि लक्ष्य त्याला धूसर दिसते, किंबहुना तसेच दिसले पाहिजे. याचे कारण साध्या भूमितीत आहे. हात सरळच तीन मिलिमीटर सरकला, तर छर्रा तीन मिलिमीटरच चुकतो. पण दोन साइटमधील अंतर ३५ सेंटीमीटर असताना पट्टी खाचेत अवघी ०.१ मिलिमीटर बाजूला गेली, तर १० मीटरवर चूक जवळजवळ तीन मिलिमीटरची होते. रायफलच्या साइटमधील अंतर ८० सेंटीमीटर धरले, तर तेवढ्याच चुकीने छर्रा सव्वा मिलिमीटर, म्हणजे ०.५ गुण बाजूला जातो. अर्जुनाची एकाग्रता तीच ठेवावयाची. फक्त ती लक्ष्याऐवजी साइटवर ठेवावयाची.

आता साइट बसवण्याविषयी. येथे बहुतेक जण क्रम उलटा करतात. आधी साइट बसवतात आणि मग मान वाकवून डोळा तिच्यापर्यंत नेतात. योग्य क्रम असा, की प्रथम पवित्रा घ्यावा, डोळे मिटून गाल रायफलच्या दस्त्यावर सहज टेकवावा आणि मग डोळे उघडावेत. छिद्राच्या मधोमध कडी दिसली तर साइट योग्य जागी आहे. न दिसल्यास गालाचा आधार किंवा साइटची उंची बदलावी, मान वाकवू नये. ताणलेली मान पहिल्या दहा छर्‍यांत जाणवत नाही, पण साठाव्या छर्‍यापर्यंत ती गुण खाऊन टाकते. वाढत्या वयाच्या मुलांची ही मापे काही महिन्यांनी पुन्हा तपासावी लागतात.

साइट घट्ट बसल्यावर ती जुळवावयाची. एअर रायफलचा छर्रा सेकंदाला सुमारे १७५ मीटर वेगाने निघतो. १० मीटर जाईपर्यंत तो पावणेदोन सेंटीमीटरच्या आसपास खाली येतो. नजरेची रेषा सरळ असते आणि छर्‍याचा मार्ग वक्र. त्यांची भेट नेमकी लक्ष्यावर घडवून आणणे म्हणजे साइट जुळवणे. त्यासाठी एका छर्‍यावरून निर्णय घेऊ नये. पाच छर्रे सारख्याच पद्धतीने झाडावेत. ते एका जागी दाट पडले, तर त्या पुंजक्याचा मध्य पाहून साइट हलवावी. ते विखुरले असतील, तर दोष साइटमध्ये शोधण्यापूर्वी पवित्रा, श्वास आणि ट्रिगर यांत शोधावा, आणि साइटचे स्क्रू घट्ट आहेत ना हे पाहावे. रिअर साइट ज्या दिशेला हलवावी, त्या दिशेला छर्रा सरकतो. रायफल उजवीकडे कलली, तर छर्रा उजवीकडे आणि खाली जातो. अशा वेळी साइट फिरवून उपयोग नाही, कल सुधारला पाहिजे.

साइटची परीक्षाही सोपी आहे. एक पुंजका झाडावा. मग स्क्रू दहा क्लिक उजवीकडे, दहा वर, दहा डावीकडे आणि दहा खाली असा फिरवत प्रत्येक टप्प्यावर पुंजका झाडावा. शेवटचा पुंजका पहिल्यावरच आला, तर साइट विश्वासार्ह. एका क्लिकने छर्रा किती सरकतो ते मोजून वहीत लिहून ठेवावे. बीजिंगच्या त्या काही मिनिटांत अशाच सवयीची कसोटी लागली. साइट आणि तिची प्रतिक्रिया अंगवळणी पडलेली नसती, तर केवळ धैर्याने ती पुन्हा जुळली नसती.

आणि तरीही साइट सर्व काही दाखवत नाही. अथेन्स २००४ मध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सच्या अंतिम फेरीत अमेरिकेचे मॅथ्यू एमन्स तीन गुणांनी आघाडीवर होते. त्यांनी शेवटची गोळी झाडली. नेम उत्तम होता, पण लक्ष्य शेजारच्या खेळाडूचे होते. गुण मिळाले शून्य आणि सुवर्णाच्या उंबरठ्यावरून ते आठव्या स्थानी गेले. लक्ष्यावरील क्रमांक पाहून मगच नेम खाली आणण्याची नित्याची रीत त्या एका वेळी सुटली होती.

म्हणून पालकांनी मुलाला साइट घेऊन द्यावी, ती प्रशिक्षकाच्या सल्ल्याने आणि शक्य तर क्लबच्या रायफलवर आधी वापरून पाहून. पण तिच्यासोबत एक वही आणि पेन्सिलही द्यावी. उजेड, क्लिक, पुंजक्याची जागा आणि स्वतःची चूक यांची रोजची प्रामाणिक नोंद ठेवणारा मुलगा वा मुलगी पदक मिळवील की नाही, हे कोणी सांगू शकणार नाही. परंतु आपला छर्रा चुकला, तर दोष प्रथम स्वतःत शोधावयाचा आणि मगच स्क्रूला हात लावावयाचा, ही सवय त्याला आयुष्यभर पुरेल.