शेर ज्याचा त्याचा, जमीन सर्वांची
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आज एका वेगळ्याच खेळाविषयी बोलायचं आहे. या खेळाला मैदान लागत नाही. चार-पाच माणसं टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक सूत्रधार होतो. तो म्हणतो, 'तुम्ही एका पडक्या गढीच्या दारात उभे आहात. आतून कुणाच्या तरी कण्हण्याचा आवाज येतोय. काय करता?' बाकीच्यांनी आधीच एकेक भूमिका घेतलेली असते. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी मांत्रिक. आपापल्या पात्राच्या तोंडून ते उत्तर देतात. बेत साधला की फसला, हे फासे ठरवतात. तीन-चार तासांनी सगळे उठतात तेव्हा कुणी जिंकलेलं नसतं की हरलेलं नसतं. मात्र एक गोष्ट जन्माला आलेली असते, आणि ती कुठल्याच पुस्तकात सापडत नाही. इंग्रजीत याला 'रोल-प्लेइंग गेम' म्हणतात.

माझा भाचा पुण्यात नोकरीला आहे. शनिवारी रात्री त्याच्या खोलीवर हा खेळ रंगतो. खेळाचं नाव विचारलं तर म्हणाला, 'मामू, डी अँड डी.' असे आणखी किती खेळ आहेत, असं विचारलं तर म्हणाला, 'शेकडो.' मग हाच का? तो म्हणाला, 'बाकीच्यांना हाच येतो ना!'

बाजारातल्या मक्तेदारीचं मूळ त्याने एका वाक्यात सांगून टाकलं. कादंबरी एकट्याला वाचता येते. हा खेळ खेळायचा तर चार-पाच जणांना एकच नियम ठाऊक हवेत. म्हणून ज्याच्याकडे माणसं जास्त, त्याच्याकडेच नवी माणसं जातात. यात कुणाची लबाडी असायलाच हवी, असं नाही.

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हे त्याचं पूर्ण नाव. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचं छोटं गाव आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला हा खेळ जानेवारी १९७४ मध्ये तिथून बाहेर पडला. एका खोक्यात तीन पुस्तिका, किंमत दहा डॉलर, पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची. त्याआधी लोक खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाया लढत. या दोघांनी पलटणीच्या जागी एकेकटा माणूस आणला. पलटणीला फक्त हुकूम असतो, माणसाला गोष्ट असते.

लवकरच दुसरी दुकानं उघडली. फिनिक्स शहरातल्या केन सेंट आंद्रे या ग्रंथपालाला कल्पना आवडली, नियम मात्र किचकट वाटले. अनेक पैलूंचे ते विचित्र फासे सहज मिळतही नव्हते. त्याने १९७५ मध्ये साध्या सहा पैलूंच्या फाशांवर 'टनेल्स अँड ट्रोल्स' रचला. १९७७ च्या 'ट्रॅव्हलर'मध्ये खेळाडू अंतराळात माल वाहतात आणि जहाजाच्या कर्जाचे हप्ते फेडतात. १९८१ च्या 'कॉल ऑफ कथुलू'मध्ये नायक म्हणजे प्राध्यापक, पत्रकार अशी साधी माणसं. समोरचं संकट त्यांच्या आवाक्याबाहेरचं असतं, आणि पाहू नये ते पाहिलं की त्यांचं मन ढासळत जातं.

यांतलं एक नाव वाचून मी थबकलो. मुहम्मद अब्दुर्रहमान बार्कर. हे अमेरिकन गृहस्थ १९५० च्या दशकाच्या आरंभी भाषांच्या अभ्यासासाठी भारतात आले आणि इथेच त्यांनी इस्लाम स्वीकारला. पुढे ते प्राध्यापक झाले, इंग्रजी जाणणाऱ्यांसाठी उर्दूचं पाठ्यपुस्तक त्यांनी तयार केलं. १९७५ मध्ये त्यांचा 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन' हा खेळ आला. त्यातल्या काल्पनिक जगासाठी त्यांनी अख्खी भाषा रचली होती. माझ्यासारख्या उर्दूवर प्रेम करणाऱ्याचा ऊर भरून यावा, अशी ही हकिकत. पण २०२२ मध्ये त्यांचा वारसा सांभाळणाऱ्या संस्थेनेच कबूल केलं, की १९९१ मध्ये टोपणनावाने निघालेली नाझी विचारांची एक कादंबरी बार्कर यांचीच होती. हेही सांगायला हवं. वेगळं आहे म्हणून ते चांगलंच असतं, असं नाही. मात्र दुकानं अनेक असली, तर एकाकडे पाठ फिरवून दुसरीकडे जाता येतं. एकच असलं तर तेही जमत नाही.

अमेरिकेबाहेरची गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. जर्मनीतल्या श्मिट श्पीले या कंपनीला डी अँड डीचे जर्मन हक्क हवे होते. सौदा जमला नाही. तेव्हा उलरिश कीझो यांनी १९८४ मध्ये 'दास श्वार्त्से आउगे', म्हणजे 'काळा डोळा', हा खेळ जर्मनमध्येच रचला. या कीझोंनी आधी अमेरिकन खेळांचे अनुवाद केले होते. जर्मनीच्या बाजारात त्यांच्या खेळाने डी अँड डीला मागे टाकलं. जपानची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे १९८६ पासून एका मासिकात प्रत्यक्ष खेळातले संवाद लिहून काढून छापू लागले. त्याला ते 'रिप्ले' म्हणतात. बोललेलं छापायचं आणि लोकांनी ते आवडीने वाचायचं, असा तो प्रकार. सुरुवातीला त्यातले नियम डी अँड डीचेच होते. त्याच मंडळींनी १९८९ मध्ये 'सोर्ड वर्ल्ड' हा स्वतःचा खेळ काढला, तोही खिशात मावणाऱ्या स्वस्त पुस्तकाच्या रूपात.

इकडे मोठ्या दुकानाची मालकी बदलत होती. मूळ कंपनी टीएसआर कर्जात बुडाली, छापखान्याची बिलंही थकली. १९९७ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्टने ती विकत घेतली, आणि १९९९ मध्ये विझार्ड्सला हॅस्ब्रो या खेळण्यांच्या बलाढ्य कंपनीने. मग २००० साली एक नवल घडलं. कंपनीने मुक्त परवाना जाहीर केला. मूळ नियम कुणीही वापरावेत, त्यांवर आपली पुस्तकं छापावीत, पैसे देऊ नयेत. यात निव्वळ दानत नव्हती, हिशेबही होता. जितके लोक या नियमांवर लिहितील, तितकी मूळ पुस्तकं जास्त खपतील.

हे वाचताना मला मुशायरा आठवला. उर्दू शायरीत गझलेचं वृत्त, काफिया आणि रदीफ यांना मिळून 'जमीन' म्हणतात. एका शायराच्या जमिनीत दुसरा शायर खुशाल गझल लिहितो. तरही मुशायऱ्यात तर एक मिसरा देतात आणि सगळे त्याच जमिनीत लिहून आणतात. शेर ज्याचा त्याचा, जमीन सर्वांची. अमेरिकन कायदाही साधारण असंच मानतो. खेळण्याच्या पद्धतीवर कॉपीराइट मिळत नाही, ती ज्या शब्दांत मांडली त्या शब्दांवर मिळतो. पण कोर्टाची पायरी चढण्याची ऐपत छोट्या प्रकाशकाकडे नसते. म्हणून त्या लेखी परवान्याला मोल होतं.

२००८ मध्ये कंपनीने नवी आवृत्ती काढली आणि तिच्यासाठी अटी कडक केल्या. पायझो या प्रकाशनाने जुन्या मोकळ्या नियमांवर २००९ मध्ये 'पाथफाइंडर' काढला, आणि काही काळ तो खपात पुढेही गेला. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने डी अँड डीला पुन्हा सिंहासनावर बसवलं. मग जानेवारी २०२३ मध्ये एक मसुदा फुटला. जुना परवाना रद्द, आणि वर्षाला साडेसात लाख डॉलरच्या वर उत्पन्न गेलं तर वरच्या रकमेचा चौथा हिस्सा कंपनीला, असा त्याचा रोख होता. खेळाडू खवळले. अनेकांनी कंपनीच्या संकेतस्थळाची वर्गणी बंद केली. कंपनीने मतं मागवली, तर पंधरा हजारांवर उत्तरं आली. २७ जानेवारीला कंपनी नमली. मूळ नियम तिने क्रिएटिव्ह कॉमन्स या परवान्याखाली खुले केले. तो परवाना आता मागे घेता येत नाही.

ज्यांचा विश्वास उडाला, ते मात्र आपापल्या वाटेने गेले. डी अँड डी खेळून दाखवतच 'क्रिटिकल रोल'ची कलाकार मंडळी जगभर लोकप्रिय झाली होती. त्यांच्या प्रकाशनाने २०२५ मध्ये 'डॅगरहार्ट' हा वेगळा खेळ आणला. आजही सर्वांत मोठा खेळ डी अँड डीच आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मोठ्या दुकानामुळे गिऱ्हाइकाला रस्ता तरी कळतो. तक्रार असते ती रस्ताच आपला म्हणण्याला.

मी घरात दखनी बोलतो आणि लिहितो मराठीत. 'मोठ्या भाषेत लिहा, वाचक जास्त मिळतील,' असा सल्ला मला अनेकांनी दिला आहे. बाकीच्यांना हाच येतो, हाच त्यामागचा हिशेब. तो खोटा नाही, अपुरा आहे. गझल फारसीतून उर्दूत आली. माधव जूलियन, सुरेश भट यांनी ती मराठीत रुजवली. त्यासाठी कुणाचा परवाना काढावा लागला नाही, की मूळ भाषेचं काही कमी झालं नाही. कीझोंनीही आधी परका खेळ मन लावून अनुवादित केला, आणि मग आपल्या भाषेत आपला मांडला. ज्यांच्या घरात गोष्टी आहेत आणि लुडोच्या डब्यात फासे आहेत, त्यांनी एवढं करून पाहायला हरकत नसावी.