न्गोरोंगोरोच्या विवरात



आमचा जन्म कारखान्याच्या फाटकापाशी गेला. शाळा चौथीपर्यंत. तेव्हा जनावरांवर बोलण्याचा आम्हांला अधिकार कोणता, असे कोणी विचारले तर आमच्यापाशी उत्तर नाही. कामगार प्रतिनिधींच्या एका बैठकीसाठी टांझानियातील आरुशाला जाणे झाले. परतीच्या विमानाला दोन दिवस अवकाश होता, म्हणून चौघांनी मिळून एक गाडी भाड्याने केली आणि विवर पाहून आलो. पुंजी एवढीच.

वीस-पंचवीस लाख वर्षांपूर्वी एक प्रचंड ज्वालामुखी पोटातला लाव्हा ओकून रिकामा झाला आणि त्याचे शिखर आतल्या आत खचले. उरली ती ही कढई. तिचा तळ सुमारे २६० चौरस किलोमीटर आणि काठ तळापासून ६०० मीटर उंच. आपले लोणार उल्केच्या आघाताने झालेले, आणि त्याचा व्यास दोन किलोमीटरही भरत नाही; यावरून कल्पना करावी.

सकाळी सहाला फाटक उघडले. काठावर इतके धुके की गाडीचे नाक दिसेना. घाटाने उतरू लागलो तसे धुके वर राहिले, आणि खाली पाहतो तो सगळे मैदान हलते आहे! वाइल्डबीस्ट, झेब्रे, रानम्हशी. मोठी जनावरे २५,०००च्या घरात आहेत म्हणतात. खाऱ्या सरोवराच्या कडेला रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ. जिराफ मात्र तळावर नाही.

'सफारी' हा स्वाहिली शब्द. अर्थ नुसता प्रवास. आपली 'सफर' आणि ती, दोघी अरबीच्याच लेकी. गाडीलाही तिकडे 'गारी' म्हणतात, तेव्हा ड्रायव्हरशी आमचे लवकर जमले. ज्या झऱ्यापाशी खाली उतरायची परवानगी आहे तिथे पाणघोडे डुंबत होते. (उघड्यावर शिदोरी सोडू नये, घारी हातातला घास नेतात.) पाणघोड्याला 'किबोको' म्हणतात, आणि जर्मन अमदानीत मजुरांच्या पाठीवर ओढायचा जो चाबूक त्याच्या कातड्याचा करीत, त्यालाही किबोकोच. हे ड्रायव्हरने सहज सांगितले. आम्हांला मात्र पुढे कितीतरी वेळ पाणघोड्याकडे नुसते जनावर म्हणून पाहता आले नाही.

दुपारी सिंह दिसला. सिंह एक आणि भोवती गाड्या सतरा, आम्ही मोजल्या. ड्रायव्हर लोक एकमेकांना बिनतारी यंत्रावरून खबर देतात, कारण पाहुण्यांना सिंह दिसला नाही की बक्षिसी घटते, आणि आमच्या ड्रायव्हरच्या घरखर्चाचा मोठा वाटा बक्षिसीवर होता. सिंह मेलेल्या झेब्र्यावर बसून खात होता. लांब चार तरस वाट पाहत उभे. आमच्यातला एक जण म्हणाला, "चोर टपले आहेत पाहा." ड्रायव्हर हसला. म्हणाला, पहाटे त्यांनीच मारला असेल.

परत आल्यावर वाचले. हान्स क्रूक या शास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात याच विवरात रात्री जागून तरसांचा अभ्यास केला. त्याला आढळले की इथले तरस कळपाने स्वतः शिकार करतात आणि सिंह पुष्कळदा येऊन ती हिसकावतो. आपण उजाडल्यावर जातो. तोवर सिंह ताटावर आणि तरस दाराशी. मारणारा चोर ठरतो आणि हिसकावणारा राजा! फाटकापाशी आयुष्य काढलेल्या माणसाला हा हिशेब नवा नव्हता.

तसाच दुसरा हिशेब माणसांचा. मासाई हे गुराखी. वन्य प्राण्याच्या मांसावर जगणारे नव्हेत. १९५९ साली ब्रिटिश सरकारने त्यांना सेरेंगेटीतून काढले तेव्हा न्गोरोंगोरोत राहण्याचा हक्क राखू, असे वचन दिले होते. १९७४ साली स्वतंत्र टांझानियाने विवराच्या तळावरची त्यांची वस्ती उठवली. मिठासाठी गुरे खाली नेण्याची मुभा राहिली. पुढे तीही गेली. १९६०च्या दशकात विवरात शंभरावर काळे गेंडे होते. १९९०च्या सुमारास विसांच्याही आत आले. ते मासाईंनी संपवले नाहीत. शिंगाच्या व्यापारासाठी चोरट्या शिकाऱ्यांनी संपवले. पुढे कडक पहाऱ्याने संख्या पुन्हा वाढली, त्याचे श्रेय रखवालदारांना दिलेच पाहिजे. सरकारची बाजूही सांगितली पाहिजे: १९५९ साली मासाई सुमारे ८,००० होते, ते लाखाच्या घरात गेले, आणि कुरणे तेवढीच. पण २०२२पासून त्यांना दूर हांडेनीकडे हलवण्याचे जे चालले, त्याला सरकार 'स्वेच्छेने' म्हणते. शाळा-दवाखान्यांचा पैसा आखडला तर स्वेच्छा कशी पिकते, हे कामगाराला विचारावे. ऑगस्ट २०२४मध्ये हजारो मासाई सफारीच्या रस्त्यावर येऊन उभे राहिले, तेव्हा जगाने थोडे पाहिले.

संध्याकाळी सहाच्या आत वर यावे लागते. काठावर एक मासाई पोरगा गुरे हाकीत रस्ता ओलांडत होता, म्हणून गाडी थांबली. आमच्यातल्या एकाने कॅमेरा काढला. पोराने तोंड फिरवले. आम्ही ड्रायव्हरला विचारले, ही गुरे पाण्याला कुठे नेतात? त्याने पलीकडच्या डोंगराकडे हात केला. मग आपण चढून आलो त्या घाटाकडे पाहून म्हणाला, "पूर्वी खाली नेत."