खेळाला भोंगा नसतो
(विहाराच्या पालकसभेत केलेले भाषण)



मुलांच्या मोबाईलवरील खेळांना घरात आवर कसा घालावा, यावर बोलण्याची सूचना मला करण्यात आली आहे. मी डॉक्टर नाही, मास्तर नाही. रिंगखात्यात तीस वर्षे तुटलेले धागे सांधणारा माणूस. शाळा नववीत सुटली, पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयात. तेव्हा माझा अधिकार एवढाच, की या बाबतीतली पहिली चूक आमच्या घरात मी केली.

गेल्या वर्षीची गोष्ट. रातपाळी करून सकाळी साडेसातला घरी आलो. धाकटा मुलगा तोंडावर पांघरूण घेऊन झोपलेला. उशाखाली त्याचा फोन. हातात घेतला तर गरम, रात्रभर चाललेल्या मोटरीसारखा. म्हणजे तिकडे मी रातपाळी करतोय आणि इकडे हा! डोकं फिरलं. फोन आपटला, पोराच्या दोन थोबाडीत दिल्या. वाटलं, विषय संपला. काय संपला? बारा दिवस पोरगा माझ्याशी बोलला नाही. खेळ मात्र मित्राच्या फोनवर, जिन्याखाली बसून चालूच. घरात होता तोवर निदान डोळ्यांसमोर तरी होता. फोनची काच बदलायला पैसे गेले ते वेगळेच.

मग मी शोधायला लागलो की हे इतरांनी कसं केलं. आपल्या सरकारने सप्टेंबर 2020 मध्ये पबजीवर बंदी घातली. पण कारण होते देशाच्या सुरक्षेचे, आपल्या पोरांच्या अभ्यासाचे नव्हे. 2021 मध्ये तो खेळ बीजीएमआय या नावाने परत आला, 2022 मध्ये पुन्हा गेला, 2023 मध्ये पुन्हा आला. चीनने 2021 मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सणाच्या सुटीला रात्री 8 ते 9 एवढाच वेळ ऑनलाईन खेळासाठी ठेवला. दक्षिण कोरियाने 2011 पासून सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीनंतर सकाळी सहापर्यंत बंदी केली होती. पोरं संगणकावरून मोबाईलवर गेली, कायदा संगणकापाशीच बसून राहिला. 2022 च्या सुरुवातीपासून तो रद्द झाला. सांगायचा मुद्दा, सरकार आपल्या उशाखाली बघायला येत नाही.

आता गिरणीचं उदाहरण देतो. काम कितीही असो, भोंगा झाला की पाळी संपते. या खेळाला भोंगाच नाही. एक मॅच संपली की दुसरी तयार. रोज हजेरी लावली तर बक्षीस, एक दिवस चुकला तर नुकसान. मुकादम इतका हुशार आमच्याकडेही नव्हता! तेव्हा भोंगा घरानेच वाजवायचा. पण कधी वाजवायचा, हे आधी ठरलेले पाहिजे.

आम्ही तिघे बसलो. मी ओरडायचो, ‘आत्ताच्या आत्ता बंद कर!’ मुलाने समजावलं की पप्पा, मॅच अर्ध्या तासापर्यंत चालते, मध्येच उठलो तर टीममधली बाकीची तीन पोरं अडकतात. हे मला ठाऊकच नव्हतं. आता आम्ही विचारतो, किती राहिलं? कॅलेंडरच्या मागे लिहिलं: शाळेच्या दिवशी रात्री 8 ते 9, रविवारी दोन तास, आणि दहा वाजता सगळे फोन कपाटावर. सगळे म्हणजे माझा आणि त्याच्या आईचाही. ही अट त्याची. आणि पहिल्याच आठवड्यात नियम मोडला तो मी, क्रिकेट बघत बसलो होतो. पोरगा काही बोलला नाही, नुसता बघत राहिला. थोबाडीत खाल्ल्यासारखं झालं.

एक गोष्ट पुरुषांना सांगतो. मी रातपाळीला गेलो की भोंगा वाजवणार कोण? त्याची आई. दिवसभर राबून ती पोराशी भांडणार आणि सकाळी आपण येऊन म्हणणार, ‘तुझ्याच लाडाने बिघडला.’ हे बंद करा. तिच्या फोनचा पैसे भरायचा पिनही पोरांना देऊ नका. पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन जुगाराला 2025 च्या कायद्याने बंदी आली, पण खेळातल्या बंदुकीचा रंग आणि कपडे विकत मिळतातच.

तासभर खेळणे म्हणजे आजार नव्हे, हेही लक्षात घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने ज्याला आजार म्हटले आहे त्यात स्वतःवर ताबा राहत नाही, बाकी सगळे मागे पडते, नुकसान दिसूनही खेळ सुटत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालते. तसे वाटले तर लाजू नका. सरकारचा टेली-मानस हा 14416 क्रमांक आहे, फोन करायला पैसे पडत नाहीत.

समितीला एक विनंती. आमची खोली दहा बाय बाराची. वस्तीतलं मैदान होतं तिथे आता गाड्या उभ्या असतात. ‘बाहेर जाऊन खेळ’ म्हणायचं, तर बाहेर कुठे? विहाराच्या अंगणात संध्याकाळी व्हॉलीबॉलची जाळी बांधू द्या. खांब मी आणून देतो.

आमचा मुलगा सुधारला असं मी म्हणणार नाही. परवाच सव्वादहापर्यंत खेळत होता. यंदा दहावी आहे, पोटात गोळा येतोच. पण आता तो जिन्याखाली जात नाही.

आठ वाजत आलेत. तो तिकडे मागच्या रांगेत बसून सारखा घड्याळाकडे बघतोय. त्याचं चूक नाही, आठ ते नऊ त्याची वेळ ठरलेली आहे. म्हणून मी थांबतो.