कर पणजीत, कर्ज घरात

व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या या सभागृहात दारू आणि तंबाखूवर पुष्कळ बोललं जातं. जुगाराची पाळी क्वचित येते. आज ती पणजीपासून सुरू व्हावी.

गोव्याचा सार्वजनिक जुगार कायदा १९७६ चा, मुळात जुगार रोखण्यासाठी केलेला. १९९२ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनना जागा मिळाली. पुढच्या दुरुस्तीने पत्ते आणि रूलेट जहाजांवर चढले. मांडवी नदीतले कॅसिनो हे त्याचंच फळ. मग १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत प्रवेशबंदी झाली.

ही बंदी योग्यच होती. पण तिच्यात एक कबुली आहे. डावाच्या टेबलापासून माणसाला जपावं लागतं, हे सरकार जाणतं. मग हे जपणं महाराष्ट्राच्या सीमेवर, पत्रादेवीच्या नाक्यावर का संपतं? सावंतवाडी, कोल्हापूर, पुण्याहून शनिवार-रविवार गाठून येणाऱ्याला दार उघडंच आहे. हरलेला पाहुणा गोव्यात राहत नाही. कर पणजीत जमा होतो आणि कर्ज घाट चढून घरी येतं.

महाराष्ट्राने १९७६ मध्येच कॅसिनोंचा कायदा केला, तो कधी अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. चांगलं झालं. मात्र मुंबईतला जुगार परवान्यासाठी कधीच थांबला नव्हता. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या आणि बंद होणाऱ्या भावांवर इथे आकडा लागायचा. ते भाव येणं थांबलं तेव्हा १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपापला मटका सुरू केला. जुगार प्रतिबंधक कायदा तेव्हाही होता, १८८७ पासूनचा.

मोबाइलवरच्या खेळांचंही असंच झालं. ऑक्टोबर २०२३ पासून खेळण्यासाठी भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्यात खेळणाऱ्याला गुन्हेगार ठरवलं नाही, हे फार मोलाचं आहे. पण कर असो वा बंदी, ज्याला नाद लागला आहे त्याच्या उपचाराची सोय दोन्हींतून आपोआप होत नाही. ॲप बंद झालं तरी परदेशी साइट आणि गल्लीतला बुकी राहतातच.

जुगाराचा नाद हा आजार आहे. अमेरिकेच्या मानसोपचार संघटनेने १९८० मध्ये त्याची नोंद केली आणि २०१३ मध्ये त्याला दारू-अफूच्या पंगतीत, व्यसनांच्या वर्गात बसवलं. दारूला वास येतो, चाल बदलते. जुगारी मात्र वेळेवर कामावर जातो, नीट बोलतो, आणि घरच्यांना पहिली खबर सावकाराच्या फोनने लागते. तोवर दागिने गहाण पडलेले असतात, हातउसने सगळीकडून घेऊन झालेले असतात. त्याच्या तोंडी एकच वाक्य: एकदा गेलेले निघू देत, मग सोडतो. समुपदेशकाने कान टवकारावेत ते इथेच, कारण गेलेले काढण्यासाठी पुन्हा बसणं हेच या आजाराचं ठळक लक्षण आहे. घरच्यांनी सगळं कर्ज एका दमात फेडलं, तर बहुधा पुढच्या डावाची सोय होते. पैशांचा व्यवहार काही काळ पत्नीकडे किंवा भावाकडे देणं अधिक उपयोगी ठरतं.

चाचणी अवघड नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेत दोन प्रश्नांची एक पद्धत तयार झाली. किती जुगार खेळता याबद्दल जवळच्या माणसांशी खोटं बोलावं लागलं का? अधिकाधिक पैसे लावावेसे वाटतात का? एकाही प्रश्नाला होकार आला, तरी पुढे तपशिलात विचारावं. दारूसाठी दाखल झालेल्या माणसालाही हे विचारायला हवं, कारण दोन्ही नाद पुष्कळदा एकाच माणसात आढळतात.

म्हणून या परिषदेने दोन ठराव करावेत. प्रत्येक व्यसनमुक्ती केंद्राच्या दाखल-अर्जात हे दोन प्रश्न आणि टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आजपासून छापावा. आणि जुगारातून कर घेणाऱ्या प्रत्येक राज्याकडे त्या करातला ठरावीक वाटा उपचारासाठी मागावा, रुग्ण कोणत्याही राज्याचा असला तरी.