रात्रीच्या रस्त्यासाठी लहान कॅमेरा



दिवेलागणीनंतरचा रस्ता,
त्यातली माणसे आणि त्यांच्या सावल्या,
ज्यांना छायाचित्रात टिपाव्याशा वाटतात,
त्यांनी आधी एकच गोष्ट पाहावी…
कॅमेरा प्रकाश किती गोळा करतो?

भिंग जितके रुंद उघडेल,
आतील संवेदक जितका मोठा असेल,
तितके चित्र स्वच्छ येते.

जपानचे विख्यात छायाचित्रकार दाइदो मोरियामा
टोकियोच्या शिंजुकू भागात
खिशात मावणारा ‘रिको जीआर’ मालिकेतला कॅमेरा घेऊन हिंडत आले आहेत;
त्या मालिकेत मोठा संवेदक आला तो २०१३ साली,
आणि माझ्या मते रात्रीच्या भटकंतीला
याहून सोयीचे साधन विरळाच!
फोकसचे अंतर आगाऊ ठरवून ठेवण्याची तजवीज त्यात आहे,
त्यामुळे अंधारातही कळ दाबताच चित्र उमटते.

कॅमेरा काळा असावा.
त्याचा आवाज नसावा.
फोकससाठी लागणारा चिमुकला दिवा
प्रथम बंद करावा;
त्याच्या उजेडाने समोरचा माणूस दचकतो,
आणि त्याची सहजता क्षणात लोपते.

पुन्हा सांगतो,
आधी प्रकाश पाहा, मग इतर गुण.
दुकानात संध्याकाळीच जा,
आणि परवानगी घेऊन,
दाराबाहेरच्या अंधुक उजेडात
दोन-चार छायाचित्रे काढून पाहा.